कशावर मारणार?

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर मी सहसा यादी घेऊन जाते आणि यादी संपली की बाहेर पडते. त्या गल्लीत रेंगाळायला जागाच नसते. हातगाड्या, डोक्यावर खोकी घेतलेले हमाल, दुकानांच्या दारांत लोंबणाऱ्या साखळ्या, आणि या सगळ्यावर ग्रीस आणि तागाच्या पोत्यांचा मिसळलेला वास. त्या दिवशी यादीत शेवटची ओळ होती : ‘डेड ब्लो हातोडा, नॉन-स्पार्किंग’. म्हणजे मारल्यावर न उसळणारा आणि ठिणगी न पाडणारा. दुकानदारांनी काउंटरवर तीन हातोडे मांडले. एक भगव्या पॉलियुरेथेननं, म्हणजे चिवट प्लॅस्टिकनं, मढवलेला, एक सोनेरी रंगाचा भरीव आणि एक लोखंडी नळीच्या दोन्ही तोंडांना पितळी चकत्या बसवलेला. ठिणगी पडत नाही, असं तिन्हींच्या वेष्टनावर छापलेलं होतं. मी दर विचारला. वयस्कर गृहस्थ. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि दर न सांगता विचारलं, “मारणार कशावर?” मी म्हटलं, “पंपावर.” “पंपावर म्हणजे कशावर? केसिंग बिडाचं आहे, स्टेनलेसचं आहे, का गंजलेलं आहे? आणि मारताना आजूबाजूला काय असणार आहे?” तेवढ्यात कुणीतरी टॅपचा सेट मागायला आलं आणि ते तिकडे वळले. मी दर लिहून घेतले, तिन्हींचे फोटो काढले आणि निघाले. कर्जत मागे पडलं, घाट लागला, तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. किती साधा प्रश्न, आणि आमच्या धंद्यात तो किती कमी वेळा विचारला जातो!

भोसरी एमआयडीसीतलं आमचं वर्कशॉप पंप दुरुस्तीचं. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघते. औषधं आणि रसायनं बनवणाऱ्या कारखान्यांतून पंप येतात. कधी आम्हीच साइटवर जाऊन ते उघडतो. येणाऱ्या प्रत्येक पंपाला तारेनं एक टॅग बांधलेला असतो : रिकामा केला आहे, धुतला आहे, सुरक्षित आहे. टॅगवर सही असते, शिक्का असतो. आणि तरीही बॅक कव्हरचे बोल्ट काढून केसिंग जरासं सरकलं, की आतून थिनरचा तो गोडसर वास येतो. टोल्युइन. गॅस्केटच्या मागे, स्लीव्हच्या खाली, इम्पेलरच्या पोकळीत चमचा-दोन चमचे राहिलेलं असतं. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते तो बिंदू, ४ अंश सेल्सिअस. पुण्यात डिसेंबरातल्या पहाटेसुद्धा वर्कशॉपची फरशी बहुधा याहून गरमच असते. वाफ हवेपेक्षा तिपटीनं जड, त्यामुळे ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते, मशीनच्या पायाशी, पिटमध्ये बसून राहते. हवेत साधारण १.१ टक्का झाली की पेट घेऊ शकते. नाकाला ती त्याच्या कितीतरी आधी कळते हे खरं, पण थोड्या वेळात नाक सरावतं आणि वास गेला असं वाटायला लागतं. आणि नेमक्या त्याच वेळी कव्हर अडकलेलं असतं आणि कुणीतरी म्हणतं, “जरा ठोका रे.”

‘जरा ठोका’ हे आमच्याकडे दिवसभर चालतं. कपलिंग निघत नाही, ठोका. चावी बसत नाही, ठोका. व्हाइसच्या पकडीत जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो भाग, नीट टेकला नाही, ठोका. वडिलांच्या वेळी या कामाला एक शिशाचा हातोडा असायचा आणि तो ते स्वतः ओतायचे. गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, मागच्या शेडमध्ये स्टोव्ह पेटायचा. जुन्या केबलची आवरणं, बॅटरीवाल्याकडून आणलेले तुकडे लोखंडी पळीत टाकायचे. आधी नुसतेच पडून राहायचे आणि मग एका क्षणी कडा विरघळायच्या, तळाशी आरशासारखं चकचकीत काहीतरी जमायचं, त्यावर करडी साय धरायची. वडील ती साय चमच्यानं बाजूला सारायचे आणि पाइपाच्या तुकड्याभोवती बसवलेल्या साच्यात एका दमात ओतायचे. मी दोन पावलं मागे उभी असायचे. तो वास मला आवडायचा. साचा उघडला की अजून गरम असलेला हातोडा वाळूवर ठेवायचे आणि मला सांगायचे, हात लावू नकोस. तेवढं एक सांगायचे.

तो हातोडा मारला की उसळायचा नाही, आणि त्यातून ठिणगीही पडायची नाही.

आज दोन वेगवेगळ्या गुणांसाठी आपण कॅटलॉग चाळतो ते दोन्ही त्या ओबडधोबड गोळ्यात एकत्र होते. शिसं इतकं मऊ की आघातानं स्वतःच चेपतं आणि ऊर्जा पोटात घेतं. परत फेकायला त्याच्याकडे काही उरत नाही. आणि मऊ धातूवर लोखंडाचा कण तासला जात नाही, म्हणून ठिणगी नाही. तोंड चेपून पसरलं की वडील तो पुन्हा पळीत टाकायचे. फुकटात नवा हातोडा. त्याची किंमत कोण मोजत होतं हे त्या शेडमध्ये कुणालाच दिसत नव्हतं. शिसं ३२७ अंशांना वितळतं. त्यावरची करडी साय, हाताला लागणारा काळा थर, त्याच हातानं उचललेला चहाचा ग्लास, यांतून ते अंगात जातं आणि हाडांत वर्षानुवर्षं साठून राहतं. वडिलांची पोटदुखी, उतारवयातला थरथरणारा हात, यांचा शिशाशी संबंध होता का हे कुणी कधी तपासलं नाही, त्यामुळे मी तसं म्हणत नाही. पण त्यांनी ओतलेला शेवटचा हातोडा अजून कपाटात आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. खंडेनवमीला सगळी अवजारं पुसून टेबलावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची फुलं ठेवतात. तेव्हा तोही बाहेर निघतो. मी हातमोजे घालून त्याला कुंकू लावते. आमच्याकडचा नवा मुलगा, आयटीआय करून आलेला, हे बघून गोंधळतो. पुजायचा तर हातमोजे कशाला, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. मला त्या हातोड्याबद्दल आदरही आहे आणि भीतीही, आणि यातलं एकही सोडून द्यावं असं वाटत नाही.

नवा डेड ब्लो हे त्या शिशाच्या हातोड्याचंच पुढचं रूप. डोक्यात पोलादी डबी असते, तिच्यात पोलादाचे नाहीतर शिशाचे छर्रे असतात, आणि डबी मुद्दाम पूर्ण भरलेली नसते. कानाशी धरून हलवला की आत सळसळ ऐकू येते. हातोडा जॉबवर आदळला की कवच थांबतं, पण छर्रे थांबत नाहीत. ते मोकळ्या जागेतून पुढे येतात आणि कवच उसळी घेणार तेवढ्यात मागून येऊन त्याला खाली दाबतात. बाकीची ऊर्जा छर्ऱ्यांच्या आपसातल्या घासण्यात जिरते. एकच मोठा दणका बसण्याऐवजी तो थोडा लांबतो. त्यामुळे जॉबला खाच पडत नाही, पण तो हलतो मात्र नक्की. ओल्या वाळूचं पोतं जमिनीवर टाकावं तसा आवाज येतो, आणि हातोडा जिथे पडला तिथेच राहतो. रबरी हातोडी याच्या अगदी उलटी. ती उसळून कपाळापर्यंत येते आणि जॉब जागचा हलत नाही.

याचा खरा फायदा मला मिलिंग मशीनवर दिसला. व्हाइसमध्ये दोन पॅरललवर, म्हणजे सारख्या उंचीच्या पट्ट्यांवर, जॉब ठेवतो आणि जबडा आवळतो. आवळताना सरकता जबडा जॉबला किंचित वर उचलतो, केसाएवढं, डोळ्यांना दिसणार नाही इतकं. मग वरून ठोकायचं आणि बोटानं पॅरलल हलवून बघायचा. हलला तर जॉब टेकलेला नाही. पोलादी हातोडीनं ठोकलं की जॉब खाली जातो आणि उसळून परत वर येतो. एका बाजूचा पॅरलल घट्ट, दुसऱ्या बाजूचा सैल. मग तिकडे ठोका, की इकडचा सुटतो. यात माणूस चिडतो, जोरात मारतो, आणि मग जॉबच्या फिनिश केलेल्या तोंडावर अर्धचंद्र उमटतो. दोन पौंडी डेड ब्लोनं मधोमध एक ठोका मारला आणि दोन्ही पॅरलल एकदम घट्ट झाले. नवा मुलगा बोटानं ढकलून बघत होता, ते हलेनात. त्याला वाटलं मी पॅरलल चिकटवून ठेवलेत.

मामांना मात्र तो आवडला नाही.

मामा आमचे जुने फिटर. वडिलांबरोबर होते, आता माझ्याबरोबर आहेत. सगळं वर्कशॉप त्यांना मामाच म्हणतं. त्यांचं उजवं कोपर गेलंय. जन्मभर पोलादी हातोड्याचा परतीचा झटका त्या कोपरानं झेलला. सकाळी किटली उचलताना ते डावा हात पुढे करतात. खरं तर डेड ब्लो मी त्यांच्यासाठीच आणायचं ठरवलं होतं. आधी एक साधा भगवा आणून दिला. मामांनी तो हातात घेतला, तोलून पाहिला, एका जुन्या शाफ्टवर बेअरिंगच्या स्लीव्हला चार ठोके दिले आणि बाजूला ठेवला. म्हणाले, “ताई, हा हातोडा मुका आहे.” मला आधी कळलं नाही. मग त्यांनी पितळी पंच घेतला, आपली जुनी हातोडी घेतली आणि तेच काम पुन्हा केलं. “ऐका.” ठण, ठण, ठण, आवाज पोकळ आणि लांबणारा. आणि मग एका ठोक्याला तो बदलला, बसका आणि भरीव झाला. “बसलं,” मामा म्हणाले. बेअरिंग शाफ्टच्या खांद्याला टेकलं की आवाज बदलतो, आणि मामा आयुष्यभर त्या आवाजावर काम करत आलेत. डेड ब्लोनं त्यांचं कोपर वाचत होतं, पण कान काढून घेतला जात होता. पुस्तकात लिहिलेलं मलाही ठाऊक आहे : बेअरिंग हीटरवर गरम करून बसवावं, ठोकूच नये, टेकलं का ते फीलर गेजची पातळ पट्टी फटीत घालून बघावं, मिलिमीटरच्या पाच शतांशाची पट्टी आत जाता कामा नये. आम्ही तसं करतोही. पण ज्या माणसाला आवाजावरून पाच शतांश कळतं, त्याला पट्टी घालून बघा म्हणताना माझी जीभ अडखळते. शेवटी तडजोड झाली : जोराचं सगळं काम डेड ब्लोनं, शेवटचे दोन-तीन ठोके पितळी पंचावर. मामा आता ते दोन-तीन ठोके मारायच्या आधी मशीन बंद करायला लावतात.

हे झालं उसळीचं. ठिणगीचा प्रश्न वेगळा, आणि बाजारात हे दोन्ही एकाच लेबलवर येतात म्हणून घोटाळा होतो. ठिणगी म्हणजे लोखंडाचा एक सूक्ष्म कण. घासला जाऊन सुटतो, घर्षणानं तापतो, आणि हवेत उडताना स्वतःच जळायला लागतो. त्या जळण्यानं आणखी तापतो. चकमकीवर पोलाद घासून आग पाडणाऱ्यांनी हेच वापरलं. तांब्याच्या मिश्रधातूचा कणही सुटतो, पण तो मऊ असतो, उष्णता झटकन सोडतो आणि तसा जळत नाही. लालबुंद व्हायच्या आत निवतो. म्हणून दारूगोळ्याच्या कारखान्यांत फार पूर्वीपासून लाकडाची, पितळेची, तांब्याची अवजारं आणि खिळे नसलेले बूट. आमच्या जवळच खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. ज्या जगात एका कणाचा हिशेब ठेवावा लागतो ते जग भोसरीपासून फार लांब नाही. पण काशाच्या, म्हणजे अशाच मिश्रधातूच्या, हातोड्यातून ठिणगी पडतच नाही, असं समजू नये. पडते, फक्त ती थंड असते. टोल्युइन, पेट्रोल यांच्या वाफेला पेटायला साधारण पाव मिलिज्यूल ऊर्जा लागते. हायड्रोजन किंवा ॲसिटिलीनला त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. कार्बन डायसल्फाइडला तर त्याहून कमी. एका वायूत थंड ठरणारी ठिणगी दुसऱ्यात पुरेशी गरम असू शकते.

आणि इथे त्या दुकानदारांचा प्रश्न येतो. ठिणगी हातोड्यातून पडते असं आपण धरून चालतो. ती दोन वस्तूंच्या मध्ये पडते. कोकणातल्या एखाद्या कारखान्यात पावसाळ्यानंतर गेलात तर बघा : पाइप, सपोर्ट, पायऱ्यांचे कठडे, सगळं गंजलेलं, आणि त्या गंजावरच ब्रशनं चंदेरी रंग फासलेला. खरवडून, प्रायमर मारून रंगवायला वेळ कुणाला असतो? चंदेरी रंग म्हणजे ॲल्युमिनियमची पूड. गंज म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड. ही जोडी आम्हाला कॉलेजात रुळांचे जोड वितळवणारी म्हणून शिकवली होती, थर्माइट. त्या गंजलेल्या चंदेरी पाइपवर कडक हातोडीचा तिरका फटका बसला, की त्या जागी पांढरीशुभ्र, अतिशय तप्त ठिणगी उडू शकते. त्यात हातोडीचा धातू फक्त दाबायचं काम करतो. उलट बाजूनंही तेच. ॲल्युमिनियम मऊ आहे, लोखंडासारखी ठिणगी टाकत नाही, म्हणून ॲल्युमिनियमचा हातोडा सुरक्षित, असं सांगणारे मला भेटलेत. स्वच्छ पृष्ठभागावर ठीक. गंजावर तो घासला की त्याचीच एक पातळ रेघ गंजावर उमटते आणि पुढचा फटका त्या रेघेवर पडतो. कोळशाच्या खाणींत हलक्या धातूंवर निर्बंध आहेत ते याच कारणानं. म्हणजे हातोडा विकत घेण्याआधी पोलादी ब्रश आणि ओलं फडकं लागतं, आणि ते कुठल्याही कॅटलॉगमध्ये हातोड्याच्या पानावर नसतं.

भरीव सोनेरी हातोड्यांत दोन जाती. एक बेरिलियम-तांब्याची, एक ॲल्युमिनियम-काशाची. दिसायला जवळपास सारख्या, दरात मोठा फरक. बेरिलियमवाला जास्त कडक, तोंड लवकर पसरत नाही, म्हणून तो महाग आणि म्हणूनच अनेक कारखान्यांच्या याद्यांत त्याचंच नाव असतं. त्यात बेरिलियम असतं फक्त २ टक्क्यांच्या आसपास. हातात धरायला, मारायला त्याचा काही त्रास नाही. पण कितीही कडक असला तरी पोलादापुढे मऊच. कधी ना कधी तोंडाच्या कडा छत्रीसारख्या पसरतात, आणि वर्कशॉपमध्ये अशा कडा दिसल्या की कुणीही पहिली गोष्ट करतो ती म्हणजे ग्राइंडरवर धरतो. त्या धुळीतलं बेरिलियम फुफ्फुसात गेलं, की काही लोकांच्या शरीराला ते खपत नाही. आजार कधीकधी कित्येक वर्षांनी उघडा पडतो आणि मग तो जात नाही. मी हे वाचत होते तेव्हा डोळ्यांसमोर स्टोव्ह आणि लोखंडी पळी आली. इथे गॅसपासून हातोडा मारणाऱ्याला वाचवायचं आणि ग्राइंडरवर उभ्या असलेल्या पोराच्या छातीत धूळ भरायची, असा तो व्यवहार. आमच्या वर्कशॉपमध्ये धूळ ओढून घेणारं बंदिस्त ग्राइंडिंग नाही. तेव्हा बेरिलियम बाद. ॲल्युमिनियम-कासं लवकर पसरतं, पसरू दे. कानस मारून कडा काढता येतात. (आणि या धातूत ॲल्युमिनियम सुमारे १० टक्के, तांब्यात विरघळलेलं, त्यानं गंजावर मघाचा थर्माइट होत नाही.) फक्त ॲसिटिलीनच्या सिलिंडरशी तांब्याचं प्रमाण जास्त असलेली कुठलीच अवजारं न्यायची नाहीत, कारण तांबं आणि ॲसिटिलीन मिळून जे संयुग तयार होतं ते स्वतःच फटक्यानं फुटतं.

खरं-खोटं ओळखायला खिशात चुंबक ठेवावं. लोखंडावर तांब्याचा मुलामा दिलेला असेल तर ते टणकन चिकटतं. मढवलेल्या डेड ब्लोवर मात्र ही परीक्षा चालत नाही, कारण आत पोलाद असतंच. तिथे वेगळं बघावं लागतं, आणि ते मला एका कारखान्याच्या गेटवरच्या सेफ्टी ऑफिसर मुलीनं शिकवलं. नुकतीच रुजू झालेली, माझ्यापेक्षा बरीच लहान. आमची टूल बॅग तपासताना तिनं भगवा हातोडा बाहेर काढला, उन्हात धरला आणि अंगठा तोंडावरून हळूहळू फिरवला. मग नखानं काहीतरी उकरून तळहातावर घेतलं आणि मला दाखवलं. पोलादाचा कीस, नखाच्या टोकाएवढा, मिलिंगच्या टेबलावरून रुतून बसलेला. “मॅडम, आता हा मऊ हातोडा राहिला का?” तिनं अगदी शांतपणे विचारलं. मऊ तोंडात रुतलेला कडक कण म्हणजे पोलादी हातोडीचं टोकच. दुसरी गोष्ट तिनंच सांगितली : कडेला चीर गेली की आतली डबी उघडी पडते, आणि चीर इथेच लवकर जाते, कारण टोल्युइन, ॲसिटोन लागलं की पॉलियुरेथेन फुगतं, मग वाळतं, मग तडकतं. ठिणगीची भीती असते तिथे बहुतेक सॉल्व्हंट असतंच, आणि सॉल्व्हंट असतं तिथे हे कवच टिकत नाही. मला ती मुलगी फार आवडली. तिच्या जागी अनेक जण लेबल वाचून बॅग आत सोडतात.

याच्या पलीकडे जाऊन विचारणारेही आहेत, आणि त्यांचं म्हणणं मी डावलू शकत नाही. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनं हाताच्या अवजारांच्या ठिणग्यांचा अभ्यास करून असं मत दिलंय, की पेट्रोलियमच्या कामांत अशा खास धातूंच्या अवजारांनी आगीपासून मिळणारं संरक्षण त्यांची सक्ती करण्याइतकं नाही. हातानं मारलेल्या पोलादी अवजाराच्या एकट्या ठिणगीनं पेट्रोलची वाफ पेटणं अवघड असतं. टेरिकॉटचा शर्ट घालून, रबरी चपलांवर कोरड्या हवेत चाललेल्या माणसाच्या बोटातून उडणारी स्थिर विजेची ठिणगी दहा-वीस मिलिज्यूलची असू शकते; टोल्युइनच्या गरजेच्या कितीतरी पट. म्हणजे महागडा हातोडा हातात आणि नायलॉनचे मोजे पायात, याला काही अर्थ नाही. आधी पंप खरोखर रिकामा करणं, आतली वाफ हटवायला नायट्रोजन मारणं, लाइनला ब्लाइंड, म्हणजे ती बंद करणारी चकती, टाकणं, हवा खेळवणं, वाफेच्या मीटरनं वाचन घेणं, अर्थिंगची क्लिप लावणं. हातोडा या ओळीत सगळ्यात शेवटी उभा असतो. मला हे पटतं. तरी मी काशाचा हातोडा घेतेच, कारण त्या ओळीतल्या बाकीच्या प्रत्येक गोष्टीवर दुसऱ्या कुणाची तरी सही असते, आणि टॅगवर सही असूनही केसिंगमधून येणारा तो गोडसर वास मी पुष्कळदा घेतलाय. मामा जिथे वाकून उभे असतात तिथे माझ्या हातात असलेली एकच गोष्ट हातोडा आहे.

नागदेवीच्या त्या दुकानात मी फोन केला तेव्हा त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवलं होतं. मिलिंगच्या व्हाइसवर, असेंब्लीच्या टेबलावर, धुतलेल्या कोरड्या केसिंगवर मारायला भगवे डेड ब्लो : एक पौंडी सीलच्या नाजूक कामाला, दोन पौंडी रोजच्याला, चार पौंडी अडकलेल्या कव्हरला. दांडा आणि डोकं एकसंध ओतलेले, म्हणजे डोकं निसटायचा प्रश्न नाही. रंग भगवाच, काळा नको. काळ्यावर चीर आणि कीस दिसत नाहीत. साइटवर, जिथे वाफ असू शकते तिथे, ॲल्युमिनियम-काशाचा भरीव हातोडा. तो उसळतो, मामांच्या कोपराला बसतो, म्हणून तिथे मारायचं काम नव्या मुलाकडे आणि मामांनी फक्त ऐकायचं. पितळी चकत्यांचा मी घेतला नाही. चकत्या धरणारी नळी लोखंडाची, आणि फटका चुकला की बसतो तो नळीवरच. साइटचे हातोडे निळ्या पेटीत, कुलूपबंद, आणि ती पेटी मशीनच्या बाजूला येतच नाही. चीर गेलेला डेड ब्लो करवतीनं दोन तुकडे करून टाकायचा, नाहीतर कुणीतरी टेप गुंडाळून परत वापरतं. दुकानदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि चार पौंडीच्या जागी तीन पौंडी घ्या म्हणाले, “मारणारा दमला की तिरका मारतो.” तीनच घेतला.

आता एका कारखान्याशी पत्रव्यवहार चालू आहे. त्यांच्या परमिटच्या छापील नमुन्यात बेरिलियम-तांबं असंच लिहिलंय आणि आमचा हातोडा त्या शब्दात बसत नाही. कडा कानसण्याचा आणि धुळीचा मुद्दा मी दोन पानांत लिहून पाठवला. सॉल्व्हंटच्या शेडसाठी त्यांनी तो मान्य केलाय. हायड्रोजनेशनच्या, म्हणजे जिथे हायड्रोजन वापरतात त्या, शेडसाठी अजून केलेला नाही, आणि तिथे मी आग्रहही धरलेला नाही. हायड्रोजनपाशी कासंही नको आणि बेरिलियमही नको. तिथलं कपलिंग आम्ही हायड्रॉलिक पुलरनं काढतो, पंप सोडवून बाहेरच्या मोकळ्या ओट्यावर आणतो आणि मगच उघडतो. त्याला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. त्यांच्या परचेसवाल्यांना कोटेशनमधली ती ओळ दर वेळी खटकते, दर वेळी फोन येतो, आणि दर वेळी मी ती तशीच ठेवते.